‘डिड नॉट वर्क्ड’ पुन्हा पुन्हा का येतं? इंग्रजीच्या नियमित क्रियापदांची तपासणी

आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या वह्या, नोकरीचे अर्ज, बढतीच्या परीक्षेचे निबंध असं बरंच काही माझ्याकडे तपासायला येतं. लिहिणाऱ्यांची वयं वेगळी, विषय वेगळे, पण लाल शाई पडते ती ठरलेल्या जागांवरच. खालची लक्षणं तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या लिहिण्यात दिसतात का, ते आधी बघा.

लक्षणं

‘ही डिड नॉट वर्क्ड’, ‘डिड यू फिनिश्ड?’ अशी वाक्यं येतात. भूतकाळ दोनदा लागतो.

‘माय फादर वर्क इन अ बँक’ इथे एस गायब असतो, आणि ‘ही कॅन वर्क्स’ इथे नको असताना येऊन बसतो.

‘आय वॉज आस्क हिम’. वॉज आणि पुढे कोरडं क्रियापद.

स्टडीचा वाय तसाच ठेवून पुढे ईडी. स्टॉपला एकच पी. व्हिजिटला मात्र विनाकारण दोन टी.

वाचताना ‘हेल्पेड’, ‘वॉकेड’, ‘आस्केड’ असे उच्चार.

‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स’ आणि ‘आय हॅव पोस्टेड द फॉर्म यस्टरडे’.

असं लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांना बारा काळांचा तक्ता तोंडपाठ असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा ही मुलं क्रियापदांची रूपं वर्षानुवर्षं बघत आलेली असतात. तरी चूक हटत नाही, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा तोच तक्ता लिहायला दिला जातो. तक्ता पाठ नसल्यामुळे ही चूक होत नसते. नियमित क्रियापदाला, म्हणजे भूतकाळात ईडी घेणाऱ्या क्रियापदाला, इंग्रजीत रूपंच मुळी चार असतात: वर्क, वर्क्स, वर्क्ड, वर्किंग. बारा काळ उभे राहतात ते या चारांवर आणि डू, बी, हॅव, विल या मदतनीस शब्दांवर. अडतं ते एवढ्यावरच, की काळाची खूण कुठे लावायची हे कोणी नीट सांगितलेलं नसतं. इंग्रजीत ती खूण एकदाच लागते आणि क्रियापदांच्या गटातल्या पहिल्या शब्दावर लागते. मागचे शब्द आपल्या आधीचा शब्द जे रूप मागेल ते घेतात. पुढच्या सगळ्या तपासण्यांचा पाया हाच आहे.

तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या दोन पेन्सिल हातात घेऊन आजच करता येतील. क्रम मोडू नका, कारण बहुतेकांच्या निम्म्याहून जास्त चुका पहिल्या दोन तपासण्यांतच निघतात आणि मग अवघड भागाला हात घालायला उमेद राहते.

पहिली तपासणी: मदतनीस शब्दाला गोल करा

लिहून झालेल्या पानावर डू, डझ, डिड, विल, वुड, कॅन, कुड, शुड, मस्ट, मे आणि टू हे शब्द शोधा आणि प्रत्येकाला गोल करा. त्यांच्या पुढचं क्रियापद मूळ रूपात आहे का बघा. ईडी दिसला, खोडा. एस दिसला, खोडा. इथे अर्थाचा विचार करायचा नाही, नुसतं डोळ्यांनी बघायचं.

ही चूक आपल्याकडेच इतकी का होते, हे कळलं की ती लवकर सुटते. मराठीत ‘त्याने काम संपवलं’ याचा नकार ‘त्याने काम संपवलं नाही’ आणि प्रश्न ‘त्याने काम संपवलं का?’ तिन्ही वाक्यांत ‘संपवलं’ जागचं हलत नाही. भूतकाळ क्रियापदाच्या अंगावर पक्का असतो. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की डिड पुढे येतो आणि भूतकाळ स्वतःकडे घेतो. फिनिशवरचा ईडी निघून जातो. आपलं मन मात्र मराठीच्या सवयीने तो तिथेच ठेवतं. एसचंही तसंच. ‘ही वर्क्स’ याचा प्रश्न ‘डझ ही वर्क?’ असा होतो. एस वर्कवरून उठून डझमध्ये गेला.

टूच्या बाबतीत एक अपवाद आत्ताच लक्षात ठेवा, कारण तो अर्जात हमखास लागतो. ‘आय लुक फॉरवर्ड टू’ याच्या पुढे आयएनजी येतो. बाकी ‘वॉन्ट टू वर्क’, ‘नीड टू अप्लाय’ ही मूळ रूपंच.

आता दुसरा गोल. हॅव, हॅज, हॅड यांच्या पुढे ईडी हवा. ॲम, इज, आर, वॉज, वेअर यांच्या पुढे आयएनजी हवा, किंवा कर्त्यावर ती क्रिया झाली असेल तर ईडी. ‘वॉज आस्क’ असं इंग्रजीत काहीही नसतं, हे मुलांना मी तीन वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवते. ‘ही वॉज आस्किंग’ म्हणजे तो विचारत होता. ‘ही वॉज आस्क्ड’ म्हणजे त्याला विचारलं गेलं. ‘ही आस्क्ड’ म्हणजे त्याने विचारलं. लहानपणी ‘वॉज म्हणजे होता’ असं पाठ झालेलं असतं आणि मुलं वॉजला भूतकाळाचा शिक्का समजून कुठल्याही क्रियापदापुढे मारतात. ‘अपघात झाला होता’ याचं ‘ॲन ॲक्सिडंट वॉज हॅपन्ड’ होतं ते यातूनच. हॅपन आपलं आपणच घडतं, त्याला वॉज नको. ‘ॲन ॲक्सिडंट हॅपन्ड’, बस्स.

दुसरी तपासणी: कर्त्याच्या जागी ही, शी, इट बसतं का?

साध्या वर्तमानकाळातलं प्रत्येक वाक्य घ्या. कर्ता काढून तिथे ‘ही’, ‘शी’ किंवा ‘इट’ ठेवून बघा. बसलं तर क्रियापदाला एस. ‘दे’ बसत असेल तर एस नाही. आय आणि यू यांना कधीच नाही.

नियम एवढासाच आहे, पण मराठी माणसाला तो एका खास जागी चकवतो आणि त्याबद्दल वर्गात फारसं बोललं जात नाही. ‘माझा भाऊ बँकेत काम करतो’ हे वाक्य मुलं बऱ्याचदा बरोबर लिहितात. ‘माझे वडील बँकेत काम करतात’ इथे एस पडतो. कारण सरळ आहे. वडील, आजोबा, सर, मुख्याध्यापक यांना आपण आदराने अनेकवचन लावतो. ‘करतात’ हे रूप डोक्यात असताना हात आपोआप ‘वर्क’ लिहितो, जसं ‘दे वर्क’. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही. वडील असोत की राष्ट्रपती, माणूस एक असेल तर एस लागतो: ‘माय फादर वर्क्स’, ‘अवर टीचर एक्सप्लेन्स’. ज्याच्या वहीत हा एस वारंवार सुटतो, त्याच्या वहीतले सगळे आदरार्थी कर्ते आधी अधोरेखित करा. त्याला ‘नियम येत नाही’ म्हणून बोलू नका. नियम त्याला येतो, त्याची मराठी शालीनता आड येते आहे.

आणखी दोन जागा. ‘सगळ्यांना हवं असतं’ म्हणून ‘एव्हरीवन वॉन्ट’ लिहिलं जातं. एव्हरीवन, नोबडी, ईच हे इंग्रजीत एकवचनी आहेत, म्हणून ‘एव्हरीवन वॉन्ट्स’. आणि ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ यात फ्रेंड्स जवळ असल्यामुळे क्रियापद त्याच्याकडे ओढलं जातं. खरा कर्ता वन आहे: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन सांगली’.

तिसरी तपासणी: क्रियापद खरंच नियमित आहे का?

शब्दकोश उघडा. विद्यार्थ्यांसाठीच्या बहुतेक इंग्रजी कोशांत अनियमित रूपं मूळ शब्दाशेजारीच छापलेली असतात. तिथे काही दिलं नसेल तर नुसता ईडी लावायचा. अंदाजावर जाऊ नका, कारण दिसणं फसवं असतं. वॉचचं वॉच्ड होतं, पण कॅचचं कॉट. क्रायला ईडी लागतो, फ्लायचं फ्लू होतं. कट, पुट, हर्ट यांना भूतकाळात काहीच लागत नाही. पे उच्चाराला प्लेसारखाच आहे, पण स्पेलिंगात पी-ए-आय-डी होतो. लर्न, बर्न यांची ईडीची आणि टीची अशी दोन्ही रूपं चालतात. एका लिखाणात एकच धरा.

दिलासा असा, की भाषेत नवीन येणारी क्रियापदं जवळपास सगळी ईडीवालीच असतात: डाउनलोड, टेक्स्ट, गूगल. जुनीही काही या रांगेत येऊन बसली आहेत. हेल्पचा भूतकाळ एके काळी होल्प असा होता. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांना बनावट शब्द देऊन बघितलं होतं. ‘रिक’ हे क्रियापद मुलांच्या ओळखीचं नव्हतं, तरी बरीच मुलं भूतकाळात बरोबर ‘रिक्ट’ म्हणाली. ती पाठांतरातून बोलत नव्हती, नियम त्यांच्या अंगात मुरला होता. हाच प्रयोग घरी करा. ‘ब्लिक’ असं एक खोटं क्रियापद द्या आणि चारही रूपं, नकार आणि प्रश्न विचारा. ‘डिड ही ब्लिक?’ बरोबर आलं तर नियम आत गेला आहे आणि उरलेल्या चुका घाईच्या आहेत. ‘डिड ही ब्लिक्ट?’ आलं तर पहिल्या तपासणीवर परत जा.

चौथी तपासणी: स्पेलिंग

इथे पाठ करण्यासारखं थोडंच आहे. शेवटी ई असेल तर नुसता डी लावा, आणि आयएनजी लावताना ई काढा: लाइक, लाइक्ड, लाइकिंग. शेवटी वाय आणि त्याआधी व्यंजन असेल तर वायचा आय होतो: स्टडी, क्राय, अप्लाय. वायच्या आधी स्वर असेल तर वाय राहतो: प्ले, एन्जॉय, स्टे. आयएनजी लावताना वाय कधीच जात नाही, नाहीतर दोन आय शेजारी येतील. डाय आणि लाय यांचं उलट आहे, त्यांच्या आय-ईचा आयएनजीपुढे वाय होतो.

अक्षर दुप्पट करण्यात मात्र सगळे अडकतात, म्हणून इथे थोडं थांबू या. स्टॉप, प्लॅन, रब असे एकाच झटक्यात म्हणून होणारे शब्द, शेवटी एक स्वराक्षर आणि एक व्यंजन, म्हणजे शेवटचं अक्षर दोनदा. डब्ल्यू, एक्स, वाय दुप्पट होत नाहीत; फिक्स्डमध्ये एक्स एकच. शब्द लांब असेल तर कान लागतो. ॲडमिट, प्रिफर म्हणताना जोर शेवटावर पडतो, म्हणून टी आणि आर दोनदा. व्हिजिट, ओपन म्हणताना जोर सुरुवातीला पडतो, म्हणून एकदाच. आपण मराठीत शब्द बऱ्यापैकी सपाट बोलतो, त्यामुळे हा जोर आपल्याला सहज ऐकू येत नाही. शंका आली तर कोशातला उच्चार ऐकायचा. ट्रॅव्हलला ब्रिटिश पद्धतीत दोन एल आणि अमेरिकन पद्धतीत एक, तेव्हा त्यावर लाल रेघ मारण्याआधी शिक्षकांनीही थांबावं.

पाचवी तपासणी: कान

ईडीचे उच्चार तीन आहेत आणि ते कळायला आपलं मराठी व्याकरण पुरतं. कठोर आणि मृदू व्यंजनं शाळेत शिकलेली असतात, ती आठवा. मूळ क्रियापदाच्या शेवटी कठोर ध्वनी असेल, म्हणजे क, प, च, फ, स, श, तर ईडीचा ट होतो: वर्क्ट, हेल्प्ट, वॉच्ट, वॉश्ट. मृदू ध्वनी किंवा स्वर असेल तर ड: ओपन्ड, कॉल्ड, प्लेड. शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळं अक्षर ऐकू येतं: वॉन्टिड, नीडिड. ‘विपद्’ आणि ‘काल’ जोडताना कठोर कच्या शेजारी द चा त होऊन ‘विपत्काल’ होतो, तोच स्वभाव इथे दिसतो. कठोराशेजारी मृदू टिकत नाही. एसचं गणितही असंच: वर्क्समध्ये स, ओपन्झमध्ये झ, वॉचिझमध्ये इझ.

ही तपासणी नुसती बोलण्यासाठी नाही, लिहिण्यातला ईडी याच्यामुळेच पडतो. ‘वॉक्ट टू स्कूल’ भराभर म्हणा. पहिला ट दुसऱ्यात मिसळून जातो आणि ऐकू येतं ‘वॉक टू स्कूल’. ‘यूज्ड टू’ तर ‘यूस्टू’ असाच कानावर पडतो, म्हणून वहीत डी नसतो. श्रुतलेखनात मुलाने ईडी सोडला तर त्याने जे ऐकलं तेच लिहिलं, असं समजा. तिथे कान पुरत नाही, पहिल्या तपासणीचा गोलच कामाला येतो. आणि ‘हेल्पेड’ म्हणणाऱ्याला हसू तर मुळीच नका; तो निदान ईडी लिहायला विसरत नाही.

सहावी तपासणी: कोणता काळ?

ही सर्वांत अवघड, कारण इथे रूप बरोबर असूनही वाक्य चुकतं. मराठीत आपण ‘मी काल फॉर्म पोस्ट केला आहे’ बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत यस्टरडे, लास्ट इयर, इन २०१९ असा संपलेला वेळ सांगितला की हॅव चालत नाही: ‘आय पोस्टेड द फॉर्म यस्टरडे’. तसंच ‘आम्ही गेल्या वर्षी महाबळेश्वरला भेट दिली होती’ यातलं होती हॅड बनून येतं. हॅड हवा तो एका गतगोष्टीच्या आधीची दुसरी गोष्ट सांगताना. एकच गोष्ट असेल तर ‘वी व्हिजिटेड’.

‘पासून’ हा शब्द आपण वर्षांनाही लावतो आणि तारखेलाही. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला सिन्स आणि लांबीला फॉर, आणि गोष्ट अजून चालू असेल तर हॅव हवाच. लाइक, वॉन्ट, नीड, बिलॉन्ग अशा मनाच्या किंवा मालकीच्या क्रियापदांना सहसा आयएनजी लावत नाहीत, हेही इथेच बघून घ्या.

आता एका वहीत असतो तसा उतारा घेऊन सगळं लावून बघू. ‘माय अंकल लिव्ह इन नाशिक सिन्स टेन इयर्स. यस्टरडे ही व्हिजिट अवर हाऊस. ही डिड नॉट स्टेड फॉर लंच. ही वॉज आस्क मी अबाउट माय एक्झाम.’ पहिला गोल डिडला, म्हणून स्टेडचं स्टे झालं. दुसरा गोल वॉजला. काका विचारत राहिले नव्हते, त्यांनी एकदा विचारलं, म्हणून वॉज खोडून आस्क्ड. व्हिजिटच्या आधी यस्टरडे आहे आणि मदतनीस शब्द कोणी नाही, म्हणजे भूतकाळाची खूण व्हिजिटलाच घ्यावी लागणार: ईडी, आणि टी एकच. पहिलं वाक्य शेवटी घ्या. नुसता एस लावून ‘लिव्ह्ज’ केलं तरी ते बरोबर होत नाही. काका अजून नाशिकलाच आहेत आणि दहा वर्षं ही लांबी आहे, म्हणून ‘हॅज लिव्ह्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स’. सुधारताना मी मुद्दाम या क्रमाने जाते. पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली असती तर मूल तिथेच हरलं असतं.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

पहिल्या दोन तपासण्या रोजच्या लिहिण्यावर महिनाभर नेटाने केल्या आणि तरी ‘डिड वर्क्ड’ तितकंच येत असेल, तर घरी जोर लावू नका. जाणत्या शिक्षकाकडे जा. जाताना कोणीही न सुधारलेली तीन-चार पानं घेऊन जा. सुधारलेल्या वहीवरून शिक्षकाला काही कळत नाही.

मूल ईडी-एस लिहितानाच नाही तर बोलताना आणि ऐकतानाही सोडत असेल, मराठीतही स आणि श सारखे हुकत असतील, टीव्हीचा आवाज वाढवत असेल किंवा त्याचे कान वारंवार फुटत असतील, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. स, फ, ट हे उंच पट्टीचे किंवा हलके ध्वनी थोड्याशा श्रवणदोषातही निसटतात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे.

मराठी वाचनही अडखळत असेल, जोडाक्षरं वरच्या वर्गात गेल्यावरही उलटसुलट होत असतील, तर हा इंग्रजीचा प्रश्नच नाही. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. अधिकृत प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. हे दहावीच्या वर्षापर्यंत लांबवू नका. अशा मुलाला तोच तक्ता पुन्हा लिहायला लावणं हा अन्याय आहे.

प्रतिज्ञापत्र, व्हिसाचा अर्ज, कोर्टात द्यायचं निवेदन किंवा अनुभवपत्र यांत स्वतःच्या तपासणीवर विसंबू नका. ‘ही वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे तो आता इथे नाही. ‘ही हॅज वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे तो अजून इथेच आहे. एका शब्दाने नोकरी चालू की सुटलेली हे बदलतं. असा कागद भाषांतरकाराकडून किंवा वकिलाकडून वाचून घ्या, आणि त्यांना इंग्रजी मसुद्याबरोबर तुम्हाला काय म्हणायचं आहे ते मराठीतही लिहून द्या, म्हणजे काळ जुळतो की नाही ते त्यांना बघता येईल.